नऊ घरांचं पाणी

अंगठा काही उमटेना.

कार्यालयाच्या ओसरीत टेबल मांडून बसलेल्या पाणीबाईंनी ती काळी डबी ओढणीनं पुसली, मावशीचा अंगठा स्वतःच्या हातात धरून काचेवर दाबला. डबीत लाल दिवा लागला. दुसरा अंगठा घेतला, तरी लालच. मग एकेक करत दहाही बोटं झाली आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"रेघाच नाहीत हो मावशी तुमच्या बोटांना," पाणीबाई म्हणाल्या.

"कुठून असणार?" मागून शिंपी बोलला. "तीस वर्षं आमच्या कॉलरी घासतेय ती. गेल्या सगळ्या धुऊन!"

रांग हसली. मावशीही हसली. शिंप्याचं तोंड असंच होतं, पण मनात काही नसायचं. तिनं हात पदराखाली घेतले. सोड्यानं पांढरी पडलेली, पेरापेराला चिरलेली ती बोटं चारचौघांत उघडी ठेवायला तिला नको वाटायचं. शेवटी म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. इस्त्री फिरवून त्याच्याही हाताचं कातडं झालं होतं, पण त्याचा अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. घर त्याच्या नावावर लागलं. कामाच्या रकान्यात पाणीबाईंनी मावशीला विचारून लिहिलं, "धुणं."

हा सगळा खटाटोप पैजेसाठी होता. तलाव पार तळाला गेला होता, टाकी दिवसाआड भरत होती. पाणीखात्यानं आधी दंड लावून पाहिले, नळांना कुलपं घालून पाहिली. लोकांनी कुलपं तोडली आणि दंडाचे कागद चुलीत घातले. मग खात्यानं या बाईंना पाठवलं. वय फार नाही, चेहरा हसरा. त्या म्हणाल्या, दंड नको, ओरडा नको, आपण गंमत म्हणून पैज लावू. चार गल्ल्या, तीन महिने. दर शनिवारी नळवाला घरोघरचे मीटर वाचणार आणि माणशी किती पाणी लागलं ते टाकीखालच्या फळ्यावर लिहिणार. सगळ्यात कमी पाणी लागेल ती गल्ली जिंकली. बक्षीस काय, ते मागाहून कळणार.

लोकांना दुसरं काम नव्हतंच त्या उन्हाळ्यात. पैज अशी काही अंगात भिनली की विचारू नका. कोणी तोंड धुतलेलं पाणी झाडाला घालायला लागलं, कोणी पाहुण्याला अर्धाच पेला पुढे करायला लागलं. आणि या सगळ्यात मावशीच्या दारात गाठोडी वाढली.

मधल्या गल्लीचं शेवटचं घर तिचं. पुढे अंगण, अंगणात कमरेएवढा काळा दगड, दगडाखालून वाहत जाणारी मोरी. तिच्या सासूच्या आधीपासून तो दगड तिथं होता आणि मधोमध बशीसारखा झिजला होता. रोज उजाडता मावशी दगडापाशी उभी राहायची, सून कपडे खळबळायची, म्हातारा सावलीत इस्त्रीला बसायचा. पाठ गेल्यापासून त्याला ओझं उचलता येत नव्हतं. मुलगा लांबच्या शहरात होता. कधीमधी पत्ता लागायचा, कधी नाही. घर चालायचं ते या दगडावर.

"पैज बरी लागली म्हणायची," दुसऱ्याच आठवड्यात म्हातारा गाठोडी मोजत म्हणाला. "वरच्या गल्लीची चार घरं नवीन आली. आजवर फडकंसुद्धा दिलं नव्हतं यांनी."

"पाणी वाचवतायत ना ते," सून म्हणाली.

मावशीचा पिळा हातातच राहिला. तिच्या लक्षात आलं. घरी धुतलं की आपला मीटर फिरतो, मावशीकडे दिलं की मावशीचा. तिन्ही गल्ल्यांनी हे न बोलता ओळखलं होतं. चादरी येत होत्या, पडदे येत होते, एका घरातून तर पायपुसणी आली होती. आणि ही वेडी गेले दहा दिवस खूश होती.

शनिवारी टाकीखाली सगळे जमले. नळवाला खडू घेऊन उभा राहिला. आवाज मोठा आणि सवय अशी की लिहिताना मोठ्यानं वाचायचं.

"मधली गल्ली, चौथा नंबर," त्यानं वाचलं.

"चारातला चौथा?" शिंपी म्हणाला. "अरे, आम्ही तर भांडी राखेनं घासतोय!"

"तुमची काही चूक नाही. शेवटचं घर बघा. एका घरात नऊ घरांचं पाणी."

माणसं वळून बघतात ती कशी बघतात, हे मावशीला ठाऊक होतं. आधी पटकन बघतात, मग दुसरीकडे बघतात, मग हळूच परत बघतात. ती रिकामी घागर तशीच उचलून घरी आली.

संध्याकाळी शिंपी आला. त्याच्याबरोबर समोरच्या घरातली बाई होती, तिला सगळे समोरची म्हणायचे. शिंपी दगडाच्या कडेला टेकला आणि बराच वेळ उन्हाबद्दल बोलला.

"बोला ना काय ते," मावशी म्हणाली.

"हे बघ मावशी, गंमतच आहे ती. पण गल्लीची इज्जत म्हणून एक असतं. परगल्लीचे कपडे तेवढे तीन महिने घेऊ नकोस."

"आणि खाऊ काय?"

"आपल्या गल्लीचे आहेत की."

"आपल्या गल्लीचे!" मावशीनं दोरीकडे हात केला. "सहा सदरे आणि तुमचं धोतर. बाकीचं पाणी वाचवायचं म्हणून तुम्ही दहा-बारा दिवस न धुता घालताय. वास येतोय शिंपीभाऊ, सांगू नये पण येतोय."

म्हातारा सावलीत खुदकन हसला. शिंपीही हसला असता, पण समोरची बसली होती.

"त्यांच्या कपड्यांचं पाणी त्यांच्या गल्लीवर लिहा की मग," मावशी म्हणाली.

"विचारलं बाईंना. त्या म्हणतात, मीटर जिथं फिरला तिथंच लिहायचं. नाहीतर घोळ होतो."

"मग होऊ दे माझ्यामुळे तुमचा नंबर चौथा. मी काय करू? दुसरं काही येतं का मला?"

तिचा आवाज चढला आणि मग एकदम उतरला. त्या दिवसापासून समोरची दारात धान्य निवडत बसायला लागली. मावशीनं बादली नळाखाली धरली की इकडून आवाज यायचा, "सात." मग, "आठ." कोणाशी बोलल्यासारखं नाही, नुसतंच. सून चिडून लाल व्हायची. मावशी खाली मान घालून कपडे आपटायची.

तिनं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी माळ्यावरचे जुने टप खाली काढले. दोन टप होतेच, दोन हे, एकाला म्हाताऱ्यानं डांबर लावून भोक बुजवलं. चारही टप तिनं दगडाशेजारी ओळीनं मांडले.

"लहानपणी ओढा आटला की आमची आई असंच करायची," ती सुनेला म्हणाली. "चौथ्यात शेवटचं विसळायचं. ते पाणी स्वच्छच असतं, ते फेकायचं नाही, पुढच्या घाण्याला तिसऱ्यात घ्यायचं. मग दुसऱ्यात. मग पहिल्यात, भिजवायला. एकच पाणी चारदा राबलं पाहिजे."

"आणि उचलायचं कोणी?"

"आपण."

"सोडा?"

"सोडा बंद. सोड्याला पाणी फार लागतं. रिठे भिजवू. रात्रभर भिजले की मळ निम्मा आपोआप सुटतो. आणि मोरीत जाणारं झाडांना चालतं."

सांगायला सोपं होतं. पाण्यानं भरलेला टप दोघींनी धरून पुढच्यात ओतायचा, दिवसातून बारा वेळा, पंधरा वेळा. नळ सोडला की पाणी आपलं आपण येतं, इथं प्रत्येक थेंब कंबरेनं उचलायचा. चौथ्या दिवशी मावशीला वाकलं की उठता येईना आणि उठलं की वाकता येईना. सुनेच्या खांद्यावर टपाच्या काठाचे वळ उठले. एकदा टप हातातून निसटून तिच्या पायाच्या बोटावर आला. ती मटकन खाली बसली आणि आधी सांडलेलं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळायला लागली. मग तिचं तिलाच हसू आलं, आणि हसता हसता रडू.

"जाऊ दे गं," मावशी म्हणाली. "बघू बोट."

"बोट जळो. पाणी किती गेलं?"

मावशीनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. पोरगी नवऱ्याविना या घरात राहिली होती, हे टप उचलायला राहिली नव्हती.

पण मीटर उतरला. नऊ घरांचं पाणी सहा घरांवर आलं, मग चारवर. कपडे तेवढेच. समोरचीची मोजणी "नऊ"च्या पुढे जाईना. एक दिवस ती उठून आली, टपांपाशी उभी राहिली.

"तिसऱ्यातलं पाणी पहिल्यात नाही का घालत थेट?"

"नाही. दुसऱ्यातून जाऊ द्यायचं. नाहीतर पांढरे मळकट निघतात."

"अस्सं." ती बराच वेळ बघत होती. जाताना मोरीचं पाणी भरून घेऊन गेली, परसातल्या झाडांना.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या दारात तीन टप मांडले. मग शिंप्याच्या बायकोनं मांडले. आठवड्याभरात गल्लीतल्या बायका दुपारी मावशीच्या अंगणात यायला लागल्या. रिठे किती घ्यायचे, कॉलर भिजवायची का घासायची, रंग सुटणारं कापड कोणत्या टपात घालायचं, सगळं विचारायच्या. मावशी सांगायची. पोटात काही ठेवलं नाही तिनं. आजवर तिला कोणी काही विचारलं नव्हतं, फक्त कधी देणार एवढंच विचारलं होतं. तिला ते फार आवडलं, खोटं कशाला सांगा. पाठ मोडली होती, पण तोंडावर तजेला आला होता.

फळ्यावर मधली गल्ली तिसरी झाली, मग दुसरी. शिंपी दर शनिवारी टाकीखाली उभा राहून वरच्या गल्लीवाल्यांना डिवचायचा. "आमच्या मावशीचं एक टपभर डोकं तुमच्या अख्ख्या गल्लीत नाही!"

आठव्या शनिवारी पाणीबाई आल्या. सोबत मोठा रंगीत कागद गुंडाळून आणला होता. त्यांनी तो फळ्यावर उलगडला आणि चारी कोपरे स्वतः दाबून धरले. कागदावर कपडे धुण्याच्या मशीनचं चित्र होतं.

"हे बक्षीस!" त्या म्हणाल्या. "जिंकणाऱ्या गल्लीला, सगळ्यांनी मिळून वापरायला. एकदम कमी पाण्यात धुतं. खात्याकडून, फुकट. आणि मावशी, तुमची गल्ली जिंकली तर तुम्हालाही जरा आराम!"

टाळ्या वाजल्या, पण मधल्या गल्लीच्या टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि लवकर थांबल्या. शिंपी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. पाणीबाई हसत होत्या. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, आणि त्यामुळे त्यांचा रागही धरता येईना.

घरी आल्यावर मावशी दगडावर बसली. तीस वर्षांत ती त्या दगडावर कधी बसली नव्हती.

"सगळ्या बायकांना मीच शिकवलं," ती म्हणाली. "मीच नंबर वर आणला. स्वतःच्या हातानं."

म्हातारा कोळसे विझवत होता. "अजून चार आठवडे आहेत," तो म्हणाला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्यालाही धड माहीत नव्हतं.

शिंपी दोन दिवसांनी आला, एकटाच. "मशीन आलं तरी तुझं काम कुठं जातंय, मावशी? मशीनला काय तुझा हात येणार आहे?"

"नाही येणार," मावशी म्हणाली.

"मग झालं तर."

"हो. झालं तर."

तो उठला आणि जाताना सुनेला म्हणाला, "काजं-बटणांना माणूस लागतंय मला. हात चांगला आहे तुझा." सून मावशीकडे बघायला लागली. मावशी कपडे वाळत घालत होती, चिमटा तोंडात होता, त्यामुळे बोलायचा प्रश्न आला नाही.

शेवटच्या शुक्रवारी मधली गल्ली वरच्या गल्लीच्या कशीबशी पंचवीस घागरी पुढे होती. नळवाल्यानंच सांगितलं होतं. दुपारी ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गाड्यांखाली गेली होती. गल्लीची सगळी दारं लोटलेली. समोरचीही आत निजलेली. टाकी त्या दिवशी भरलेली, नळाला जोर होता.

"आत्या," सून हळूच म्हणाली, "नळ नुसता उघडा टाका. तासभर. बास."

मावशीनं म्हाताऱ्याकडे बघितलं. तो खाटेवर पाठ सरळ करून पडला होता, डोळे उघडे.

"तू ठरव," तो म्हणाला. "दगड तुझा आहे."

मावशी उठली. नळापाशी गेली, तोटी धरली आणि पूर्ण फिरवली. पाणी धाडकन दगडावर पडलं, बशीत भरलं, ओसंडून मोरीत गेलं. स्वच्छ, थंडगार, जिवंत पाणी, कोणाच्याही उपयोगाला न येता. ती बघत उभी राहिली. एका टपाएवढं गेलं. दोन टपांएवढं गेलं. याच पाण्याचे तिनं दोन महिने थेंब उचलले होते, सुनेनं फडक्यानं टिपले होते. मोरीच्या तोंडाशी फेस नव्हता, मळ नव्हता, नुसतंच पाणी पळत होतं.

"टप दे," ती म्हणाली.

"आत्या!"

"टप दे म्हणते ना!"

तिनं टप नळाखाली सरकवला. तो भरला, दुसरा सरकवला. तिसरा. चौथा. घरातल्या घागरी भरल्या, बादल्या भरल्या, म्हाताऱ्याचा तांब्या भरला. मग भरायला काही राहिलं नाही. ती तोटी धरून एक क्षण उभी राहिली आणि तिनं नळ बंद केला. चांगुलपणा वगैरे काही नाही हो. वाया जाणारं पाणी बघवेना, एवढंच. हात ऐकेना तिचा.

सून भिंतीकडे तोंड करून बसली. म्हातारा म्हणाला, "उद्याचं पाणी भरून झालं म्हणायचं," आणि डोळे मिटून घेतले.

शनिवारी मधली गल्ली नऊ घागरींनी जिंकली.

मशीन कुठं ठेवायचं यावर गल्लीत बराच खल झाला. नळ हवा, पाणी जायला मोरी हवी, जागा मोकळी हवी. असं एकच अंगण होतं. "मान मावशीचा," शिंपी म्हणाला, आणि या वेळी तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, तेवढं त्याला मानलं पाहिजे. मशीनला सपाट जागा लागत होती, म्हणून दगड काढायचं ठरलं. चौघांनी पहारी लावल्या. दगड सकाळपासून दुपारपर्यंत हलला नाही, मग एकदम हलला. कुंपणाला टेकवून उभा केला. त्याच्या जागी वरती पत्रा घालून पांढरं मशीन बसलं.

लोक वाईट नव्हते. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी तिला मुद्दाम थोडे थोडे कपडे दिले. मग सदरे बंद झाले. मग चादरी. बायका पाळीपाळीनं तिच्या अंगणात यायच्या, बटण दाबायच्या, गप्पा मारायच्या, जाताना "येते हं मावशी" म्हणायच्या. परगल्लीवाल्यांनीही इथं कोणी ना कोणी नातेवाईक शोधून काढला. तिच्याकडे आलं ते फक्त सगळ्यांच्या मशीनमध्ये घालायला किळस येईल असं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची फडकी, ओकाऱ्या झालेल्या गोधड्या. समोरचीनं सासूचं असंच एक गाठोडं आणून दाराशी ठेवलं आणि म्हणाली, "रागावू नका." मावशीनं ते धुतलं. मग सासू गेली आणि तेही थांबलं.

सून शिंप्याकडे जायला लागली. संध्याकाळी आली की तिच्या अंगाला नव्या कापडाचा वास यायचा. तिच्या कमाईत तिघांचं निभत होतं. मावशी सकाळी उजाडता उठायची, सवयीनं अंगणात यायची. मशीनच्या नळीतून येणारं पाणी अजून ती चार टपांत धरायची आणि झाडांना घालायची. ते कोणी सांगितलं नव्हतं. ते झालं की नऊ वाजायचे. पुढचा दिवस तिला उचलता उचलवत नव्हता. रिकामे टप, रिकामे हात.

पुढच्या उन्हाळ्यात तलाव पुन्हा तळाला गेला आणि पाणीबाई पुन्हा ओसरीत टेबल मांडून बसल्या. टाकीच्या पंपाला वीज पुरेना, म्हणून या वेळी विजेची पैज होती. म्हाताऱ्याला त्या दिवशी उठवत नव्हतं, म्हणून मावशी सांगायला गेली की मागचंच नाव राहू द्या.

"एकदा दाबून तर बघा," पाणीबाई म्हणाल्या.

"नाही उमटत हो तो. तुम्हाला माहीतच आहे."

"बघा तर."

मावशीनं पदराखालून हात काढला आणि अंगठा काचेवर ठेवला. डबीनं बारीक आवाज केला आणि हिरवा दिवा लागला.

"उमटला!" पाणीबाई ओरडल्या. "अहो मावशी, उमटला की!"

रांगेनं टाळ्या वाजवल्या. मागून शिंप्यानंही हात उचलले आणि मग तसेच खाली घेतले. मावशीनं अंगठा डोळ्यांजवळ नेला. चिरा भरून आल्या होत्या. कातडं मऊ झालं होतं आणि त्यावर बारीक बारीक गोल रेघा होत्या, लग्नाआधी असतील तशा. तिनं त्या कधी बघितल्याचं तिला आठवत नव्हतं.

पाणीबाईंनी आनंदानं तिचं नाव लिहिलं, घर लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली.

"काम काय लिहू, मावशी?"

मावशीनं हात परत पदराखाली घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "घरीच असते."